हमीदाबाजीची खात्री

हमीदाबाजीचा माझ्यावर विश्वास होता, असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्ही ॲरिझोनातल्या चँडलरला होतो तेव्हा तीन वर्षांहून जास्त आमचं जाणंयेणं होतं. मी तिला बाजी म्हणायची, म्हणजे ताई. तिच्या हातचा वेलदोड्याचा हिरवा चहा मी किती प्यायले असेन त्याला गणती नाही. तिच्या मुलीच्या गणिताच्या वह्या तपासल्या, तिला आलेली सगळी सरकारी पत्रं वाचून दाखवली. पण मी पत्र वाचून संपवलं की ती ते माझ्या हातातून काढून घ्यायची, मुलीला हाक मारायची आणि तेच पत्र तिच्याकडून पहिल्यापासून वाचून घ्यायची. तेही माझ्यादेखत. दोन्ही वाचनं जुळली की मगच माझ्यापुढे बदामांची वाटी सरकायची. पहिल्या वेळी मला इतका राग आला की मी बदामांना हात लावला नाही. तिची मुलगी रोया मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "डोन्ट माइंड, आँटी. शी डझ दॅट टू एव्हरीबडी."

एव्हरीबडी म्हणजे खरोखरच सगळे. पोस्टमन, रोयाची शाळा, दातांचा डॉक्टर, दुकानातली 'एकावर एक फ्री' ही पाटी. ही पाटी दिसली की ती मला कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, "पूछो, पहलेवाले में क्या खराबी है." आलेली पाकिटं ती बारीक फाडायची आणि तुकडे दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकायची. फोन उचलून ती कधी हॅलो म्हणत नसे. उचलायची आणि गप्प राहायची. पलीकडच्यानं बोलावं, ओळख द्यावी, मग ही बोलणार. सुरुवातीला मी त्या शांततेला दोन-दोन मिनिटं 'हॅलो, हॅलो' करत बसायची.

मीही काही कमी संशयी नव्हे. नाशिकला भाजीवाल्यानं फुकट कोथिंबीर दिली तरी मी तिचा वास घेऊन बघणारी. पण हमीदाबाजीपुढे मी अगदीच भाबडी ठरले.

ती मला भेटली २००२ च्या शरद ऋतूत. म्हणजे कॅलेंडरवरच्या शरद ऋतूत, कारण ॲरिझोनात तेव्हाही रस्ता तव्यासारखा तापलेला असतो. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. मिलिंद चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. मी एम.एस्सी., विषय संख्याशास्त्र, पण माझ्या व्हिसावर मी कोण होते, तर मिलिंदवर अवलंबून असलेली बायको. नोकरी करायला बंदी. सगळे तिथे सरळ 'डिपेंडंट' म्हणत. सकाळी तो गाडी घेऊन गेला की मी आणि डिशवॉशर, दोघीच. शेवटी लायब्ररीत नव्यानं आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवेत असं कळलं आणि मी आठवड्यातून दोन दिवस जायला लागले.

पहिल्याच दिवशी सगळ्या बायका अर्धगोलात बसल्या होत्या. एक उंच, चाळिशीची बाई आली. पायघोळ काळा कोट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, करडे डोळे. तिनं अर्धगोलातली एक खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली आणि दाराकडे तोंड करून बसली. हजेरीचा कागद फिरत तिच्यापर्यंत आला, तो तिनं सही न करता पुढे दिला. मध्ये डोनट आले. सगळ्यांनी घेतले, हिनं नाही. मी एक घेऊन खाल्ला. पाचएक मिनिटं ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि मी ज्या कोपऱ्यातला उचलला होता त्याच्या अगदी शेजारचा उचलला.

वर्ग संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पेशावरच्या छावणीत चार वर्षं काढल्यामुळे तिला उर्दू येत होतं. माझी हिंदी नाशिकची. त्या दोहोंच्या मधल्या कुठल्याशा भाषेत आमचं सगळं बोलणं व्हायचं.

"तुम्हें किसने भेजा है?"

"कुणी नाही. मीच येते."

"पैसे कौन देता है?"

"कुणीच नाही."

तिची एक भुवई वर गेली. "शौहर को मालूम है?"

"हो, माहीत आहे की."

"तो शौहर को क्या मिलता है?"

मी घरी येऊन मिलिंदला हे सांगितलं तेव्हा तो हसला. "सांग तिला, शांतता मिळते, यार." मग हसणं थांबवून म्हणाला, "अफगाण आहे का ती? तुझा ॲड्रेस कुठे दिलास का?" ते दिवसच तसे होते. दाढी, पगडी, आडनाव, कशावरूनही लोक मागे वळून बघत. मिलिंदच्या ऑफिसातल्या एका सरदारजीनं आपल्या गाडीवर अमेरिकेचे चार झेंडे लावले होते. आमची ग्रीन कार्डची फाइल सुरू होणार होती. "उगाच कशाला कनेक्शन्स?" असं मिलिंद म्हणायचा आणि मला ते पटायचंही, हे मी लपवत नाही. मी जात राहिले ती परोपकारानं नव्हे. घरी बसून डोकं फिरत होतं म्हणून.

लायब्ररीचं कार्ड काढताना तिचा आणि रोयाचा फॉर्म मी भरला. हिची जन्मतारीख एक जानेवारी, मुलीचीही एक जानेवारी. मी पेन थांबवलं. संख्याशास्त्रवाल्या माणसाला असल्या योगायोगांचा त्रास होतो.

"दोघींची एकच तारीख?"

"कैंप में सब एक जनवरी को पैदा हुए," ती म्हणाली. साहेबाला तारीख हवी होती, कुणाकडे कागद नव्हता, त्यानं सगळ्यांना वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकला. नंतर मला इतरांकडून कळलं की हे खरं होतं. तेव्हा मात्र मी मनात एक खूण करून ठेवली, बाई खोटं बोलते.

तिची हकीकत तिनं मला कधी सलग सांगितली नाही. तुकडे जोडून मला कळलं ते एवढंच. नवरा काबूलला सरकारी कचेरीत होता. एका सकाळी चौघं आले आणि त्याला घेऊन गेले. रोया तेव्हा पाच वर्षांची. सहा महिने वाट बघून ही मुलीला घेऊन डोंगरातून पेशावरला आली. बिनपुरुषाच्या बायका म्हणून मायलेकींचा अमेरिकेचा नंबर लागला आणि २००१ च्या वसंतात त्या इथे आल्या. तिला नवऱ्याबद्दल बोलायचं झालं की ती 'रोयाचा बाप' म्हणायची. त्याचं नाव तिच्या तोंडून येत नसे.

काबूलला ही बाई एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नव्हती. इथे ती एका हॉटेलच्या लाँड्रीत लागली. चादरी, टॉवेल, वाफ. आधी पायघोळ कोट गेला, कारण तो यंत्रात अडकेल असं सांगितलं गेलं. पँट आली, वर लांब कुडता. मग एक दिवस डोक्याच्या मोठ्या रुमालाची जागा छोट्या फडक्यानं घेतली. प्रत्येक बदलाच्या दिवशी वर्गात ती आमच्याकडे अशी बघायची की कुणी एक शब्द बोलून दाखवावा. कुणी बोललं नाही.

त्या हिवाळ्यात मला तिच्याबद्दल भलताच संशय आला. मंगळवारी संध्याकाळी मी मिलिंदची वाट बघत लायब्ररीबाहेर उभी होते. पार्किंगच्या टोकाला एका जुन्या निळ्या गाडीत हमीदाबाजी बसलेली दिसली, आणि शेजारी एक मिशीवाला पुरुष. गुरुवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी गाडीच्या काचा वर होत्या आणि दोघं हातवारे करून बोलत होते. मी मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बघ, तू तिला साधी समजत होतीस." मी दोन दिवस त्या विचारात घालवले. तिसऱ्या दिवशी ती निळी गाडी आमच्या अपार्टमेंटखाली येऊन थांबली, हॉर्न वाजला, मी बाल्कनीत गेले तर चालवणाऱ्याच्या जागेवर हमीदाबाजी! तो मिशीवाला तिच्या लाँड्रीतला मेक्सिकन सहकारी होता. तो तिला गाडी शिकवत होता आणि ही त्याला त्याच्या बायकोचे कपडे शिवून देत होती. परीक्षा पास झाल्यावर त्याचीच गाडी हिनं विकत घेतली. "बैठो," ती मला म्हणाली. मला अमेरिकेत येऊन सहा महिने झाले होते आणि मला गाडी येत नव्हती. मी मुकाट्यानं बसले. मला तिचा हेवा वाटला, अगदी कडकडून.

आणि त्याच सुमाराला रोयाचा बाप जिवंत सापडला.

म्हणजे एक फोन आला. तिनं सवयीप्रमाणे उचलला आणि गप्प राहिली. पलीकडून एक पुरुष बोलला. मी तुरुंगात होतो, सुटलो, मग इराणात वीटभट्टीवर होतो, आता पेशावरला आलोय, छावणीत तुमचा नंबर मिळाला. दुसऱ्या कुठल्याही बाईनं हंबरडा फोडला असता. हमीदाबाजीनं विचारलं, "रोयाच्या कुठल्या गुडघ्यावर खूण आहे?" उजव्या, तो म्हणाला. "आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर काय टांगलेलं होतं?" कांद्यांची माळ. "माझी आई कशानं गेली?" त्यानं तेही सांगितलं. ही सगळी उत्तरं बरोबर होती असं तिनंच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "ये सब तो पड़ोसी को भी मालूम होगा."

हरवलेला नवरा, हरवलेला भाऊ म्हणून फोन करून अमेरिकेतल्या बायकांना गंडवणारे लोक होते, असं ती म्हणाली. त्यामुळे दर रविवारी सकाळी तो फोन करायचा आणि दर रविवारी ही त्याची परीक्षा घ्यायची. त्यानं फोटो पाठवला. पांढरी दाढी, खप्पड गाल. कुणीही असू शकेल, ती म्हणाली. त्यानं हिचा फोटो मागितला तो हिनं पाठवला नाही. फोटो कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

शेवटी आवाजावर ती मानली. एका रविवारी बोलता बोलता तो खोकला आणि मग माफी मागितली. खोकल्याची माफी मागणारा माणूस जगात एकच, असं तिचं म्हणणं पडलं. मला वाटलं आता सगळं मार्गी लागेल. निर्वासित म्हणून आलेल्या बाईला नवऱ्याला बोलावता येतं, फक्त अर्ज इथे आल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. वसंतात तिची दोन वर्षं भरणार होती. मी अर्ज आणला, बसून तीन दिवसांत भरला. फक्त सही राहिली.

ती सही काही होईना. अर्ज तिनं पिठाच्या डब्यात ठेवला. आज लाँड्रीत ओव्हरटाइम आहे. आज रोयाला ताप आहे. आज मंगळवार आहे. तीन आठवडे गेले. मुदत संपायला दहा दिवस उरले तेव्हा माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "बाजी, तुम्हाला तो यायलाच नकोय. सरळ सांगा ना. त्या बिचाऱ्याला तरी कळू दे."

रोया अभ्यासाचं पुस्तक बंद करून आतल्या खोलीत गेली. हमीदाबाजी भडकेल असं मला वाटलं होतं. तिनं चहा ओतला, माझ्यापुढे ठेवला.

"तिथे मी त्याला विचारल्याशिवाय दाराबाहेर जात नव्हते," ती म्हणाली. "तो वाईट नव्हता. तशी पद्धत होती. इथे तो आला तर दाराबाहेर जायला तो मला विचारील. बस कुठली, रस्ता कुठला, या पाटीवर काय लिहिलंय. डॉक्टरकडे मी नेणार. कागदावर पहिलं नाव माझं, त्याखाली त्याचं. माझ्यामुळे तो इथला. असा पुरुष घरात किती दिवस शांत बसेल? सांग तू. तुला तर माहीत असेल, दुसऱ्याच्या कागदावर येऊन राहणं कसं असतं."

मला इतकं नेमकं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नव्हतं. मी ज्या पाण्यात रोज बुडत होते, त्यात आपला नवरा बुडेल म्हणून ही घाबरत होती, आणि बुडणारा माणूस शेजारच्याला धरून खाली ओढतो हेही तिला कळत होतं.

मुदतीला चार दिवस असताना ती निळी गाडी पुन्हा आमच्याकडे आली आणि मला तिच्या घरी घेऊन गेली. तिनं डब्यातून अर्ज काढला, पीठ झटकलं, ओळीवर बोट ठेवून सगळा अर्ज माझ्याकडून वाचून घेतला. मग रोयाकडून. मग सही केली. "त्याला दुसरं कोण आहे?" एवढंच म्हणाली.

वर्षभरानं तिकडे त्याची मुलाखत झाली आणि मग इकडे एक पत्र आलं. मी वाचलं आणि मला अर्थच लागेना. मी पुन्हा वाचलं. अर्ज रोखून धरण्यात आला होता, कारण अर्जदार बाईचं, म्हणजे आपल्या पत्नीचं नाव सांगायला त्या माणसानं नकार दिला होता. लग्नाबद्दलच शंका आहे, असं पुढे लिहिलं होतं.

मी ते तिला सांगितलं. रोयानं वाचूनही तेच निघालं. हमीदाबाजी आधी हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं तोंडावर हात धरला.

तो विसरला नव्हता. तो घेत नव्हता. त्यांच्याकडे पुरुषानं बायकोचं नाव चारचौघांत, परक्या पुरुषांपुढे घेणं म्हणजे बेअब्रू. 'रोयाची आई' म्हणायचं, नाहीतर 'घर' म्हणायचं. मुलाखतीच्या खोलीत पहारेकरी होता, कारकून होता आणि दुभाषा तर त्याच्याच प्रांतातला निघाला. अशा सगळ्या पुरुषांपुढे त्यानं मान खाली घालून दहा वेळा 'रोयाची आई' सांगितलं. साहेबाला वाटलं, ह्याला नावच माहीत नाही. मला हे कळायला वेळ लागला नाही. माझे आजोबा आयुष्यभर आजीला 'आमची मंडळी' म्हणत आले. मतदारयादीवाला घरी आला तर नाव सांगायला मला पुढे करायचे.

पुन्हा मुलाखत मिळणार होती, पण एकदाच. त्यातही तो मान खाली घालून उभा राहिला असता तर फाइल कायमची बंद.

पुढच्या रविवारी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मिलिंद मला सोडून खाली गाडीत बसला होता. वर यायला तो नेहमीच टाळायचा. फोन स्पीकरवर टाकून तिनं टेबलाच्या मध्यभागी ठेवला. त्यांचं बोलणं त्यांच्या भाषेत चाललं, रोया माझ्या कानात इंग्रजीत सांगत होती. हमीदाबाजी म्हणाली, इथे एक परकी बाई बसली आहे. तिच्यापुढे माझं नाव घे. पलीकडून तो म्हणाला, बाईपुढे घेऊन काय उपयोग, तिथे तर पुरुष असतात. हिला ते पटलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "अपने शौहर को बुलाओ."

मिलिंद वर आला. चेहरा असा की जणू त्याला पोलिसांनी ओळखपरेडला बोलावलंय. तिनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, बदाम दिले आणि फोनमध्ये सांगितलं, आता परका पुरुष आहे. हिंदुस्थानचा आहे. घे नाव.

फोनमधून नुसता खरखर आवाज. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मिलिंद हळूच मला म्हणाला, "अगं हे काय चाललंय? मी काय करायचंय?" मी म्हटलं, "काही नाही. पुरुष म्हणून बस."

मग पलीकडून तो काहीतरी तटकन बोलला. रोया म्हणाली, "ही सेड, डू यू से माइन?"

हमीदाबाजी उभी राहिली. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेली. दोन्ही हात टेबलावर टेकून ती फोनवर वाकली आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. "रहमतुल्ला." मग पुन्हा, जास्त मोठ्यानं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा शेजारच्या फ्लॅटमधल्या कुणीतरी भिंत ठोकली. रोया टाळ्या वाजवणार होती, मी तिचा हात धरला.

पलीकडे तो खोकला. माफी मागितली. आणि शेवटी बारीक आवाजात म्हणाला, "रोयाची आई."

तिनं फोन बंद केला. त्यानंतर तीन रविवार तिनं फोन उचललाच नाही. "रहने दो वहीं," म्हणाली. माझा तिच्यावरचा जुना संशय पुन्हा डोकं वर काढू लागला, की हिला निमित्तच हवं होतं. पण एक दिवस लाँड्रीच्या मागच्या दारात ती मला वाफेत डोळे पुसत उभी असलेली दिसली. ती रडत होती की वाफ गेली होती ते मी विचारलं नाही.

दुसरी मुलाखत झाली. तो पास झाला. तिथे तो काय बोलला हे कुणालाच कळलं नाही. तो सांगेना, ही विचारीना. हमीदाबाजीला तर तो बोलला असेल यावर विश्वासच नव्हता. चिठ्ठीवर लिहून दिलं असेल, ती म्हणाली. नाहीतर दुभाष्यानं सांगितलं असेल. त्याच्या तोंडून नाव निघणं शक्य नाही.

तो आला २००५ च्या डिसेंबरात. तोवर ती लाँड्रीची सुपरवायझर झाली होती, हाताखाली सहा बायका. आमचं दुसऱ्या राज्यात, सनीव्हेलला जाणं ठरलं होतं, अर्धं सामान खोक्यांत होतं. तिला मी पाहिलं ते त्या दिवशी विमानतळावर शेवटचं.

ती कामावरून थेट आली होती. काळी पँट, हॉटेलचं मरून जाकीट, छातीवर इंग्रजीत नावाची पट्टी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. डोक्यावर आता फडकंही नव्हतं. केस मानेपर्यंत कापलेले. रोयानं तिला कपडे बदल म्हणून दहादा विनवलं होतं. मी मात्र पाहुण्याला बरं वाटावं म्हणून सलवार-कमीज घालून गेले होते, डोक्यावर ओढणीसुद्धा घेतली होती. तपासणीच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही तिघी दोरीच्या अलीकडे उभ्या होतो.

प्रवासी आले, गेले. शेवटी एक वाकलेला माणूस आला. पांढरी दाढी, कुणाचंतरी मोठ्या मापाचं जाकीट, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली कागदपत्रांची पांढरी प्लास्टिकची पिशवी. तो दोरीपाशी थांबून सगळ्यांकडे बघू लागला. त्याची नजर माझ्या ओढणीवर आली आणि तो सरळ माझ्याकडे निघाला. छातीवर हात ठेवला, तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि घाबरून दोन पावलं मागे सरकला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी हमीदाबाजीकडे पाहिलं. ती हलली नाही.

मग त्याला तिचं ते मरून जाकीट दिसलं. नावाची पट्टी, किल्ल्या. ही इथली अधिकारी असणार, असं त्यानं ठरवलं. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, परक्या बाईसमोर उभं राहावं तशी नजर जमिनीला लावली, पिशवीतून एक कागद काढून पुढे धरला आणि पाठ केलेलं बोलावं तसं म्हणाला, "हमीदा. दुख्तरे अब्दुल वली. हमीदा."

त्यांच्या भाषेतलं तेवढं मलाही कळलं. अब्दुल वलीची मुलगी. रोया पुढे धावणार तोच हमीदाबाजीनं हात आडवा घालून तिला थांबवलं. कागद हातात घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अगेन," ती इंग्रजीत म्हणाली.

बाईला ऐकू गेलं नसावं असं त्याला वाटलं. त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं, अगदी मोठ्यानं म्हटलं, "हमीदा!" बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. एका पोलिसानं मान वर केली.

हमीदाबाजी आता आपल्या भाषेत काहीतरी बोलली, दोनच शब्द, आणि तेही नीट निघाले नाहीत. तो आवाज ऐकल्याबरोबर त्यानं झटकन मान वर केली. पण आधी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आपण जे बोललो ते कुणी कुणी ऐकलं, म्हणून तो बावरून चारी बाजूंना बघत राहिला.

सगळ्यांनी ऐकलं होतं.